विचारा की! : मिरवणुकीत नुसत्या पाठीच येतात

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निपाणीचा, वय ३४. पाच वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलो, मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. हात चांगले आहेत. आतेभावानं त्याचा जुना डीएसएलआर दिलाय, सोबत १८-५५ची लेन्स आणि तीन पायांचा स्टँड. स्टँड खुर्चीपुढं लावला की डोळा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. हातात धरून काढले तर निम्मे फोटो हलतात. बेळगावला शिवजयंतीच्या मिरवणुकीत गेलो, तर नुसत्या लोकांच्या पाठी नि पिशव्या आल्या. घरचे म्हणतात, अंगणातल्या फुलांचे काढत बस की. काय करू? कॅमेरा परत देऊन मोबाइलवरच भागवावं का?

उत्तर : फुलांचं आधी सांगते. मलाही हेच सांगितलं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवत होते. चौदा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले, तेव्हापासून मीही व्हीलचेअरवर; हात तेवढे शाबूत राहिले. पहिल्या वर्षी दारातल्या जास्वंदीचे इतके फोटो काढले, की आजही जास्वंद दिसली की मान फिरवते. फुलं आवडत असतील तर जरूर काढा. घरच्यांना बरं वाटावं म्हणून काढू नका.

आता स्टँड. तीन पायांचा स्टँड उभ्या माणसासाठी केलेला असतो. त्याचे पाय फाकले की पुढची छोटी चाकं त्यांना अडतात, आपण पुढं वाकतो, पाठ सुटते आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. तो आतेभावाला परत द्या. त्याऐवजी एका पायाचा स्टँड घ्या, मोनोपॉड म्हणतात त्याला. त्याचं टोक दोन्ही बुटांच्या मधे फूटरेस्टवर टेकवायचं आणि दांडा गुडघ्याजवळ वेल्क्रोच्या पट्टीनं बांधायचा. खुर्ची फिरली की कॅमेराही फिरतो. आर्मरेस्टला शिकंजा (क्लॅम्प) लावून त्यावरही कॅमेरा बसवता येतो, पण आर्मरेस्ट काढता येण्याजोगा असेल तर तो कायम खडखडतो. शिकंजा खाली, खुर्चीच्या मुख्य नळीला लावा.

याहून स्वस्तातली गोष्ट म्हणजे मांडीवरची पिशवी. जुन्या उशीचा अभ्रा अर्धा कापून शिवायचा, त्यात पाऊण भाग धान्य भरायचं, कॅमेरा त्यावर दाबून बसवायचा. मी पहिल्यांदा जोंधळे भरले. आमच्या बेळगावचा पाऊस. श्रावणात पिशवीतून पोरकिडे चालत बाहेर आले नि लेन्सवर चढले. आईनं जे काही सुनावलं ते इथं छापण्यासारखं नाही. आता चिंचोके भरलेत, दोन पावसाळे निघाले.

फोटो का हलतात? आपल्याला वाटतं, ब्रेक लावला की खुर्ची थांबली. ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. वरची चौकट, बसायचं कापड, टायरमधली हवा, सगळं डुलत राहतं. त्यात माझ्यासारखे पाय मधेच थडथडत असतील तर बघायलाच नको. म्हणून शटरचा वेग आपण इतरांपेक्षा दुप्पट-अडीचपट ठेवायचा. साधारण जिथं १/८० सेकंदाला भागतं, तिथं मी १/२०० घेते, आणि चालत्या माणसाला १/५००. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६००पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेल्याचं काही करता येत नाही. लेन्सवर थरथर आवरणारं बटण असेल तर ते चालू आहे का बघा. कोपर आर्मरेस्टवर टेकवू नका, खुर्चीची थरथर तिथूनच वर येते. कोपर बरगडीला लावा.

मिरवणुकीचा प्रश्न वेगळा आहे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून चारेक फुटांवर असतो. गर्दीत त्या उंचीवर पाठी आणि पिशव्याच असतात, तुमचा काही दोष नाही. हात वर करून काढायचे तर अशी तयारी ठेवा: लेन्स १८वर म्हणजे सगळ्यांत रुंद, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, तीन मीटरवरच्या कशावर तरी फोकस करायचा आणि मग फोकस हाताच्या (मॅन्युअल) सेटिंगवर टाकायचा. सव्वा-दीड मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं, न बघता बटण दाबलं तरी. हे दिवसाउजेडी. रात्रीच्या चित्ररथांना त्याचा उपयोग नाही.

मी चित्ररथांना दुपारी जाते. वैशाखातलं ऊन, रस्ता मोकळा, आणि गल्लीत सुतार, रंगारी, वायरमन यांची तारांबळ. गेल्या खेपेला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी पाच वर्षांचे महाराज प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काकू काजळकांडीनं मिशी काढत होती, महाराजांच्या नाकाला गुदगुल्या होत होत्या. ते शिंकले नि मिशी गालापर्यंत गेली. काकू म्हणाली, "हलू नगंस म्हटलं न्हवं तुला?" मी नेमकी त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होते. शेजारी एक उभा फोटोग्राफर दोनदा वाकला, कंबर धरली आणि जिरेटोपाचा वरून फोटो घेऊन निघून गेला.

खुर्ची म्हणजे वरदान वगैरे मी म्हणणार नाही. जिना दिसला की अजून चिडते. पण बाजार, स्वयंपाकघर, शाळेतली पोरं, विणकराचा माग, हे सगळं आपल्या उंचीवर चालतं. पाटीपुढं बसलेल्या भाजीवालीचा फोटो उभ्यानं काढला की पदर नि भांग येतो; आपल्याला तिचे डोळे मिळतात, हातातली मेथीची जुडी मिळते. आधी विचारा मात्र. आमच्या बाजारात निम्म्या बायका मराठी बोलतात, निम्म्या कन्नड. "फोटो तेगीलेन्री?" म्हणजे फोटो काढू का, एवढं म्हटलं की बहुतेक जणी पदर सारखा करतात. एकीनं मला बजावलं, मेथीचा काढ, माझा नको. मेथीचा काढला. आपल्या उंचीवर एकच खोड आहे: मागं स्कूटरची चाकं नि लोकांचे पाय येतात. पैसे साठले की ५० एमएमची एफ १.८ लेन्स घ्या, मागचं सगळं धूसर करून टाकते. आणि १८वर काढताना खाली एक नजर टाका. माझ्याकडं माझ्याच चपलांचे पन्नासेक उत्तम फोटो आहेत.

उंच इमारतींना जवळ जाऊ नका. कॅमेरा वर केला की भिंती मागं कलतात. लांब जा, समोर रिकामा रस्ता आला तर येऊ दे.

बेळगावला आलात तर किल्ल्यात या, आतले रस्ते चाकांना बरे आहेत. तिथं लष्कराचीही जागा आहे, तिकडं कॅमेरा वळवू नका. तिथली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. आत छताला ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ आहे. पण जोत्याला पायऱ्या. मी थांबले की चौघं धावून येतात, "उचलतो की बाई!" एकदा त्यांनी आर्मरेस्टला धरून उचललं, आर्मरेस्ट त्यांच्या हातात आला, मी अधांतरी. तेव्हापासून आधीच सांगते: मागं मुठींना, पुढं खालच्या नळीला धरा. उचलून घेणं नको वाटत असेल तर सरळ नको म्हणा, बाहेरूनही दगडावरचा उजेड सुंदर दिसतो. मी आत गेले, पण माझी मान तेवढी मागं जात नाही. मग मोबाइल मांडीवर उताणा ठेवला, पुढचा सेल्फीचा कॅमेरा चालू केला, तीन सेकंदांचा टायमर लावला आणि खुर्ची इंचाइंचानं सरकवत कमळ बरोबर मधोमध आणलं. माझ्या सगळ्या फोटोंत तो मला आवडतो. तिपाई स्टँड असता तर तिथं परवानगी काढावी लागली असती, ते वेगळंच.

बॅग खुर्चीच्या मागं अडकवू नका. सगळे तिथंच अडकवतात. टिळकवाडीतल्या एका चढावर माझ्या मागं बॅग नि स्टँड दोन्ही होते. चाकाला जोर दिला नि खुर्ची पुढून उचलली गेली. उसाच्या रसवाल्यानं मागून धरलं म्हणून डोकं वाचलं. धरूनच विचारतोय, "आभाळाचा फोटो काढालाय काय ओ बाई?" आता बॅग मांडीवर किंवा सीटखाली. पावसात चाकाच्या कडीला लाल चिखल लागतो नि तेच हात कॅमेऱ्याला, म्हणून सायकलवाल्यांचे हातमोजे आणि एक कोरडं फडकं जवळ ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. तलावाकाठी एकदा बगळ्यांसाठी दोन तास बसले. बगळा उडेल, आत्ता उडेल, एवढंच डोक्यात. फोटो मिळाला. रात्री आईनं पाहिलं तर बैठकीच्या हाडावर लाल चट्टा, आणि दाबला तरी पांढरा होईना. खाली जाणीव नसल्यावर दुखतंय कुणाला? तीन आठवडे पालथी पडून होते. आता मोबाइलवर दर पंधरा-वीस मिनिटांचा गजर असतो. वाजला की दोन्ही हातांवर अंग उचलायचं, नाहीतर पुढं वाकून एक-दोन मिनिटं भार काढायचा. बगळा उडाला तर उडाला. नव्या जागी जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: पायऱ्या किती, गाडी कुठपर्यंत येते, आणि संडासाच्या दारातून खुर्ची जाते का. "येतंय की, या" हे उत्तर धरू नका. दाराची रुंदी मोजायला सांगा. लोक वैतागतात, मोजतात मात्र.

कॅमेरा परत देऊ नका. मोबाइल छतासाठी, अरुंद जागेसाठी आणि हात वर करून काढायला ठेवा; इयरफोनच्या आवाजाच्या बटणानं बहुतेक मोबाइलवर फोटो निघतो, तेही करून बघा. बाजारात आणि माणसांना डीएसएलआर. तुमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत. सकाळी दारातून आत तिरकं ऊन येतं, त्यात तंबाखूची धूळ तरंगत असते. मालकाला विचारा, आत काम करणाऱ्या बायकांना विचारा, नाकाला रुमाल बांधा, दारापाशीच थांबा.

आणि कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा आजच आखूड करा, कॅमेरा छातीवर येईल इतका. माझा लांब होता. खडे बाजारात तो पुढच्या चाकात गुंडाळला गेला, कॅमेरा खाली ओढला गेला, फिल्टर फुटला आणि माझं नाक गुडघ्यावर आपटलं.