तो १६ म्हणजे साल नव्हे, नाईलचं पाणी

तुमचा प्रश्न असा: रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या मोठ्या ब्राँझ नाण्यावर मागे एक दाढीवाला म्हातारा पहुडलाय, शेजारी ग्रीक अक्षरांत १६ आहे, तर नाणं पायसच्या राजवटीच्या १६ व्या वर्षाचं का? आणि किंमत किती?

१६ व्या वर्षाचं नाही. ही चूक मी इतक्यांदा खोडली आहे की आता सविस्तरच लिहितो.

म्हातारा म्हणजे नाईल नदीचा देव निलस. हातात लव्हाळा, फळांनी भरलेलं शिंग, खाली बहुधा मगर. आणि १६ म्हणजे १६ हात पाणी. इजिप्तचा हात साधारण ५२ सेंटिमीटरचा, म्हणजे पूर सव्वाआठ मीटरच्या वर चढला. रोमन लेखक प्लिनीने हिशेबच दिलाय: १२ हातांना दुष्काळ, १३ ला अजून भूक, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला सुकाळ. आपण सोळा आणे पीक म्हणतो, तसा तिकडे सोळा हात पूर. रोमचं धान्य या पाण्यावर अवलंबून होतं. अशी नाणी हातात असताना प्रांतातली नाणी म्हणजे रोमची कच्ची नक्कल, असं म्हणणाऱ्यांनी ती वाचलेलीच नाहीत. रोममध्ये पाडलेल्या नाण्यावर नदीच्या पातळीचा आकडा दाखवा मला.

आता साल. इंग्रजी एलसारखी खूण शोधा. तिच्यापुढचं अक्षर तेवढं साल. आकड्याआधी ही खूण नसेल तर आकडा सालाचा धरू नका. तुमच्या १६ मधला ६ इंग्रजी एससारखा वळलेला असतो. झिजलेल्या नाण्यावर दिवा एका बाजूने, अगदी आडवा धरा. समोरून उजेड पाडला की अक्षरं बुजतात. पायससाठी सालाच्या आकड्यात १३६ मिळवा, म्हणजे वर्ष सुरू झाल्याचं इसवी सन मिळेल: ८ वं वर्ष म्हणजे १४४-४५. वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास बदलायचं, म्हणून १० जुलै १३८ ला गादीवर आलेल्या पायसचं पहिलं वर्ष जेमतेम ५० दिवसांचं. लोक सरळ १३८ मध्ये आकडा मिळवतात आणि दोन वर्षं पुढे जातात.

चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. तांब्याचा बंब घासायची रीत इथे चालत नाही. आम्लाने वरचा थर गेला की अक्षरांच्या कडा त्याबरोबर जातात, आणि परत येत नाहीत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रश किंवा बाभळीचा काटा वापरा. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर ती क्लोराइडची कीड आहे, म्हणजे क्षार धातूला खातोय. नाणं वेगळं, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

किंमत फोटोवरून सांगणार नाही. आधी वजन करा: या ड्रॅक्माचं (तुमच्यासारख्या मोठ्या ब्राँझ नाण्याचं नाव) २० ते २५ ग्रॅमच्या आसपास असतं. कडेला साच्याचा सांधा दिसला तर ओतीव नक्कल समजा. "आमच्या शेतात सापडलं" या कथेवर तर मी विश्वासच ठेवत नाही. इजिप्तचं चलन इजिप्तपुरतं होतं, आपल्या किनाऱ्यावर व्यापारी रोमचं सोनं-चांदी आणायचे.

एक राहिलं. काही नाण्यांवर साल अक्षरांत लिहिलेलं असतं, १२ साठी "दोदेकातू" असं, तेव्हा काठाकडचे शब्दही तपासा. आणि परदेशी विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा.