शैक्षणिक कर्जात नवरा-मुलाचा खर्च बसतो का?

प्रश्न : मी ३१ वर्षांची, मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर पुण्यात. सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. अमेरिकेत डेटा सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळालाय. दोन वर्षांच्या खर्चाचा अंदाज ४७ लाख. त्यातले ४० लाख सरकारी बँक देणार आहे, सासऱ्यांचा साताऱ्याचा फ्लॅट तारण ठेवून. नवऱ्याचा पगार ५५ हजार, आमच्या घराचा हप्ता २२ हजार, मुलगा चार वर्षांचा. सासूबाई म्हणतात, जायचं तर तिघं जा, पोराला मागे ठेवू नका. नवरा राजीनामा द्यायला तयार आहे. माझी मावसबहीण तिथली नागरिक आहे. तिनं मास्टर्स करताना घरभाडं, पाळणाघर सगळं लोनमधूनच भागवलं होतं. मग राहणीखर्चाच्या रकमेत आम्ही तिघांचं भागवलं, आणि त्यातूनच थोडे इकडे घराच्या हप्त्याला आणि माझ्या आईच्या औषधांना (महिना ६ हजार) पाठवले, तर चालेल का?

उत्तर :

ताई, आधी मावसबहिणीचं बघू, कारण तुमच्या सगळ्या हिशोबाचं मूळ तिथं आहे. ती खोटं बोलत नाही. अमेरिकी नागरिकाला आणि ग्रीनकार्डधारकाला तिथल्या केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळतं. विद्यापीठ शिक्षणाचा जो एकूण खर्च ठरवतं, त्यात फीसोबत राहणं-खाणं येतं आणि मूल असेल तर पाळणाघराची रक्कमही मागून घेता येते. शिवाय त्या कर्जाला कुणाचं घर तारण नसतं, उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता बांधून मिळू शकतो आणि कर्जदार दगावला तर ते माफ होतं. (आता तिथंही हात आखडलाय. फीपासून राहणीपर्यंत सगळा खर्च उचलू देणारं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद.) तुम्ही एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार, तुम्हाला यातलं काहीच लागू नाही. तुमचं कर्ज भारतातल्या बँकेचं, भारतातल्या नियमांचं आणि सासऱ्यांच्या फ्लॅटवरचं.

आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जात काय बसतं ते ठरलेलं आहे : फी, परीक्षा-ग्रंथालय-प्रयोगशाळेचे आकार, वसतिगृह किंवा राहणं-जेवण, पुस्तकं, संगणक, विमा, विद्यार्थ्याचा जाण्या-येण्याचा प्रवास, प्रोजेक्टसारखे अभ्यासक्रम पुरा करायला लागणारे खर्च. हे सगळं विद्यार्थ्याचं. नवऱ्याचं तिकीट यात नाही, मुलाचं पाळणाघर नाही, पुण्याच्या घराचा हप्ता तर नाहीच. फी बँक थेट विद्यापीठाला पाठवते. राहणीचे पैसे तुमच्या हातात येतात म्हणून ते कसेही फिरवता येतील असं वाटतं. पण बँक कर्जाचा पुढचा टप्पा सोडताना आधीच्या खर्चाचे कागद मागू शकते, आणि त्या पैशातून पुण्याला हप्ता पाठवणं हा सरळ सरळ कर्जाचा गैरवापर आहे.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. तुमच्या एकटीच्या राहणीसाठी जे मंजूर आहे, ते गरजेप्रमाणे बिनधास्त उचला. ‘कर्ज कमी करते’ म्हणून एकवेळ जेवणारी, विम्यात काटकसर करणारी आणि शेवटी कॅम्पसबाहेर रोखीनं काम धरणारी मुलं मी पाहिली आहेत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही कॅम्पसवरच काम करायची मुभा असते. ती मोडली तर व्हिसाच धोक्यात येतो. तिथं वाचवलेले चार पैसे फार महाग पडतात.

आता तिघांनी जायचं झालं तर काय होतं ते बघा. तुम्ही एकट्या असाल तर दोघी-तिघी मिळून घर घ्याल. तिघांना स्वतंत्र घर लागेल, म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमच्या वाट्याच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त. वर दोघांचा आरोग्यविमा, आणि चार वर्षांच्या मुलाची प्री-स्कूल, जी बहुतेक राज्यांत विकतच घ्यावी लागते. विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देताना अवलंबितांसाठी जादा रक्कम दाखवायला सांगतं, ती वेगळीच. आणि नवरा एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर येणार. त्या व्हिसावर त्याला एक डॉलरही कमावता येत नाही. दोन वर्षांत नाही, आणि तुम्ही पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर नोकरी कराल (१२ महिने, तुमची शाखा स्टेममध्ये म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितात धरली जात असेल तर आणखी २४) तेव्हाही नाही. पुढे तुम्हाला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागला, नवरा एच-४ वर (त्यावरच्या जोडीदाराचा व्हिसा) आला, तरी तुमच्या ग्रीनकार्डच्या वाटेतला एक टप्पा मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. राजीनामा द्यायला तयार असलेल्या नवऱ्याला हे कुणी सांगितलंय का? दोन वर्षांची रजा समजून तो निघेल आणि पाच वर्षं घरी बसेल. चांगल्या माणसाचंही अशानं डोकं फिरतं.

दहा लाख जादा लागले असं धरू, मग ते कुठूनही आणा. साडेदहा टक्के व्याजानं, दोन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष हप्त्याच्या सवलतीचं अशा तीन वर्षांत सरळव्याजानं तीन लाख पंधरा हजार चढतात. तेरा लाख पंधरा हजारांचा दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे १७,७०० रुपये. हे नुसते जादाचे दहा लाख, मूळ ४० वेगळेच. आणि त्याच वेळी घराच्या हप्त्याचे २२ हजार भरणारा पगार बंद. दोन वर्षांत तेच सव्वापाच लाख होतात.

म्हणून मला विचाराल तर तुमच्या कर्जाचा खरा जामीन फ्लॅट नाही, नवऱ्याची नोकरी आहे. ती चालू राहिली तर घराचा हप्ता आणि आईची औषधं त्या पगारातून निघतात, हाती २७ हजार उरतात. त्यात मुलाचा आणि त्याचा स्वतःचा खर्च भागून जे राहील ते कर्जाच्या चालू व्याजाकडे वळवा. पहिल्या सत्रात १० लाख उचलले तर महिन्याचं व्याज ८,७५० होतं. निदान तेवढं भरत राहा. पुढच्या सत्रात ते वाढेल, सगळं झेपणार नाही, जमेल तेवढं भरा. शिकत असतानाच व्याज नियमित भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सवलत देतात. तुमची बँक देते का, हे मंजुरीपत्र हातात घेऊन विचारा.

त्या ४७ मधले सात लाख तुमचे स्वतःचे आहेत, हेही विसरू नका. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के वाटा विद्यार्थ्यानं घालायचा असतो, आणि बँक तो कर्जाच्या दर टप्प्याबरोबर प्रमाणात मागते. तुमच्या बचतीतून तिकिटं आणि नवं सामान घेतलं तर दुसऱ्या वर्षी फी भरायच्या वेळी हा वाटा कुठून आणणार?

सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नाही. चार वर्षांच्या मुलापासून निदान पहिलं वर्षभर लांब राहणं तुम्हाला झेपेल की नाही, हे तुम्ही आणि नवऱ्यानं बसून ठरवायचं. त्या एका वर्षात मूल सांभाळायला सासूबाई तयार आहेत का, हेही त्यांना स्पष्ट विचारा. ‘तिघं जा’ म्हणणं सोपं असतं. नाहीच झेपणार असं ठरलं तर त्यात कमीपणा नाही. विद्यापीठाला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का विचारा, किंवा देश बदला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो आहे), वर्षाला ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि जोडीदाराला काम करता येतं. नवऱ्याला भाषा मात्र शिकावी लागेल. ब्रिटनचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला कुटुंब नेता येत नाही.

अमेरिकाच पक्की असेल तर मी असं करेन. आत्ता आय-२० फक्त स्वतःचं घ्या. पहिलं वर्ष एकट्या राहा. शैक्षणिक वर्ष पुरं झालं की सीपीटीवर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी) पगारी इंटर्नशिप करता येते, आणि तोवर एखादी असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) मिळते का हेही कळलेलं असेल. ती मिळेलच असं धरून मात्र एक रुपयाही मांडू नका. मुलगा तोवर पाच वर्षांचा होईल. त्या वयाला सरकारी शाळेत बालवर्ग फुकट असतो आणि एफ-२ वरच्या मुलाला तिथं जाता येतं. तेव्हा हिशोब पुन्हा मांडा. अवलंबितांचं आय-२० मागाहूनही काढता येतं, नवरा-मुलगा नंतर व्हिसाला उभे राहू शकतात. नवऱ्यानं कंपनीत बिनपगारी रजेची चौकशी करून ठेवावी. महिना-दोन महिन्यांसाठी दोघं नुसते भेटायला आले तरी वर्ष सुसह्य होतं.

कर्जाच्या रकमेइतका मुदत विमा स्वतःच्या नावानं जाण्याआधीच उतरवा, बँक सक्ती करो वा न करो. फ्लॅट सासऱ्यांचा आहे. आणि परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, म्हणजे टीसीएस, १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातल्या पैशावर लागत नाही. फीची पहिली रक्कम जाताना पावतीवर तो कापलाय का ते तेवढं बघा.