'मायलिनची दुरुस्ती' म्हणावं का?

प्रश्न चिपळूणहून आलाय. विचारणाऱ्या ताई फिजिओथेरपिस्ट आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे बोलताना आपण एमएस म्हणतो तो आजार, त्याच्या पेशंटच्या घरच्यांसाठी दोन पानांचं मराठी माहितीपत्रक करतायत. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, एमएसमधे ते जागोजागी नष्ट होतं, आणि ते पुन्हा तयार होतं त्याला इंग्रजीत रिमायलिनेशन म्हणतात. या 'रिमायलिनेशन'ला काय लिहू असं त्यांनी विचारलंय, 'मज्जा-पुनर्निर्माण', 'मायलिनची दुरुस्ती' की 'झीज भरून येणे', आणि शेवटी 'यावर आता औषध निघालंय' असं एक वाक्य टाकलं तर चालेल का.

पहिला शब्द आधी काढून टाका ताई. शब्द वाईट नाही हो, उलट चांगला खानदानी आहे, आयुर्वेदाच्या सात धातूंमधे अस्थीनंतर लगेच मज्जेचाच नंबर. आणि मायलिनशी त्याचं नातंही जवळचं, कारण १८५४ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरनं हे नाव ठेवलं ते ग्रीक 'मायेलोस'वरून, आणि मायेलोस म्हणजे हाडातला मगज, आपली मज्जाच. ग्रीकमधेही हाडातल्या मगजाला आणि कण्यातल्या रज्जूला हा एकच शब्द चालायचा, म्हणून मायलोमा हा हाडाच्या मगजाचा कॅन्सर आणि पोलिओमायलायटिस हा मज्जारज्जूचा आजार, नावं सख्ख्या भावांसारखी पण जागा वेगळ्या. मराठीतही तोच संसार आहे, अस्थिमज्जा एका बाजूला आणि मज्जातंतू, मज्जारज्जू दुसऱ्या बाजूला.

डॉक्टर मंडळींना यात काही अडत नाही. पण 'मज्जा पुन्हा तयार होते' असं वाचलं की पेशंटच्या आईला पहिलं काय आठवणार, तर बोनमॅरो. आणि पंचाईत अशी की एमएसच्या काही निवडक पेशंटना त्यांच्याच मूळपेशी वापरून बोनमॅरो ट्रान्सप्लांटसारखी ट्रीटमेंट खरंच देतात, फक्त ती मायलिन चढवायला नसते, अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती पुसून नव्यानं बसवायला असते. म्हणजे घरचे चुकीच्या शब्दावरून बरोबर अस्तित्वात असलेल्या पण भलत्याच ट्रीटमेंटपर्यंत पोचणार आणि मग मुंबईला फोन लावत बसणार. शिवाय 'मज्जा परत येते' हे वाक्य गणपतीला गावी आलेल्या पोरांनी वाचलं तर ते काय अर्थ लावतील ते वेगळंच. 'मज्जातंतू' मात्र राहू द्या, तो पेपरात वाचून वाचून सगळ्यांचा झालाय, फक्त त्यातली 'मज्जा' सुटी काढून तिच्यापासून नवे शब्द पाडू नका. कुणी 'मेदावरण' सुचवेल, ते शास्त्राला धरून आहे कारण मायलिनच्या सुक्या वजनात साधारण सत्तर टक्के किंवा थोडी जास्तच स्निग्ध द्रव्यं असतात, पण मेद म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोट येतं. सरळ 'मायलिन' लिहा. इन्सुलिन लिहितोच ना.

'नस' आणि 'शीर' यांचंही जरा सांभाळून. आपल्याकडे रक्ताची पण शीर आणि आखडते ती पण शीर, 'नस ब्लॉक झाली' म्हणणाऱ्याला नक्की काय झालंय ते रिपोर्ट बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हातपाय लुळा पडला की 'अंगावरून वारं गेलं' हे गावात अजून सर्रास म्हणतात, त्यात मेंदूतली रक्ताची गुठळी, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात प्रतिकारशक्ती हातापायाच्या मज्जातंतूंवर उलटते), एमएस सगळं एकाच पोत्यात जातं. म्हणून पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात 'हे वारं जाणं नव्हे' असं ठणकावून लिहिलंत तर फार उपयोग होईल, शब्द कुठला निवडता यापेक्षाही जास्त.

आता 'झीज भरून येणे'. ऐकायला गोड आहे पण झीज वापरून होते, गुडघ्याची होते, दातांची होते. एमएसमधे मायलिन झिजत नाही, स्वतःची प्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करते. 'झीज' लिहिलंत की पेशंटला वाटणार मी फार काम केलं, फार दगदग केली म्हणून झालं, आणि आपल्याकडे हा दोष बहुतेक वेळा सुनेच्या नाहीतर पेशंटच्याच माथी बसतो. नको.

राहिली 'दुरुस्ती', आणि खरी चर्चा हिचीच आहे. दुरुस्तीमधे जुनी वस्तू तीच राहते, तुटलेला भाग सांधतात. मायलिनचं तसं होत नाही, म्हणजे फाटलेलं वेष्टण कुणी शिवून देत नाही. ते आधी पूर्ण काढून साफ करावं लागतं आणि मग उघड्या पडलेल्या तंतूवर नवं चढतं. याला आपल्या भागात नेमका शब्द आहे, शाकारणी. पावसाच्या आधी घर शाकारताना कुजलेलं गवत आपण नव्यात मिसळत नाही, ते काढून टाकतो, वासे-रिपा तपासतो आणि नवं घालतो, आणि वासाच कुजला असेल तर वर कितीही चांगलं गवत घाला, उपयोग शून्य. इथे वासा म्हणजे अक्षतंतू, चेतापेशीची ती लांब शेपटी जिच्यातून संदेश जातो. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे पळू शकतो, बिनमायलिनच्या बारीक तंतूतून जेमतेम एक-दोन मीटर. पण वेगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे उघडा राहिलेला तंतू हळूहळू मरतो, आणि एमएसमधलं कायमचं अपंगत्व मुख्यतः त्या मेलेल्या तंतूंमुळे येतं. म्हणून नवं मायलिन वेळेत चढणं ही चैन नाही.

सफाईचा मुद्दा लोकांना पटकन पटत नाही म्हणून जरा सांगतो. मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या पेशी तुटलेल्या मायलिनचा कचरा खाऊन टाकतात, आणि तो कचरा पडून राहिला तर नवं मायलिन करणाऱ्या पेशी पिकतच नाहीत. २०१२ साली एक प्रयोग आला होता, म्हातारा उंदीर आणि तरुण उंदीर यांचं रक्ताभिसरण जोडलं तर तरुणाकडून आलेल्या मॅक्रोफेजनी म्हाताऱ्याच्या मज्जारज्जूत सफाई केली आणि तिथलं मायलिन चढण्याचं काम सुधारलं. वाढत्या वयात हे काम का मंदावतं त्याचं निदान एक कारण तरी असं हाती लागलं.

नवं घालणारं कोण, तर मेंदू आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी, एकेक पेशी चाळीस-पन्नास तुकड्यांना वेढे घालू शकते. त्यांच्या कच्च्या अवस्थेतल्या पेशी, ज्यांना ओपीसी म्हणतात, मोठ्या माणसाच्या मेंदूतही सगळीकडे पसरलेल्या असतात, एकूण पेशींच्या साधारण पाच टक्के धरा. पूर्वी समज असा होता की मेंदूत मायलिन एकदा गेलं की गेलं. तो मोडला १९६१ साली, जेव्हा रिचर्ड आणि मेरी बंगी हे अमेरिकन दांपत्य आणि हान्स रिस यांनी मांजराच्या मज्जारज्जूत नवं चढलेलं मायलिन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. नवं वेष्टण मूळच्यापेक्षा पातळ असतं आणि त्याचे तुकडेही आखूड असतात, तरी काम भागतं.

इथे एक पेच आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. बरीच वर्षं शिकवलं जायचं की नवं मायलिन घालायला नव्याच पेशी लागतात, ओपीसीपासून तयार झालेल्या. प्राण्यांमधे ते भक्कमपणे दिसलेलंही आहे. पण २०१९ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी मेलेल्या एमएस पेशंटच्या मेंदूतल्या पेशींची वयं काढली. कशी, तर पन्नास-साठच्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जो जादा कार्बन-१४ मिसळला तो पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत बसतो, त्यावरून. आणि ज्या भागात मायलिन पुन्हा चढलंय असं मानलं जातं तिथल्या ऑलिगोडेंड्रोसाइट निघाल्या जुन्याच! म्हणजे माणसात हल्ल्यातून वाचलेल्या जुन्या पेशीच पुन्हा कामाला लागत असाव्यात. वाद अजून चालू आहे, पण ताई, तुमच्या शब्दाच्या दृष्टीनं यातून एक ठरतं, की शब्द असा हवा जो वेष्टण नवं आहे एवढंच सांगेल आणि ते कुणी घातलं यावर काही बोलणार नाही. 'पुनर्जनन' वगैरे म्हणूनच नको, त्यात पेशी नव्यानं जन्मल्याचा वास येतो.

हातापायाच्या तंतूंमधे प्रकरण सोपं आहे. तिथे श्वान पेशी असतात, थिओडोर श्वानच्या नावाच्या, कुत्र्याशी संबंध नाही हे पत्रकात लिहायला लागेल की काय कोण जाणे. एक पेशी एकाच तुकड्याला वेढे घालते आणि हे काम ती चांगलं करते. जानेवारी २०२५ मधे पुण्यात जीबीएसची साथ आली तेव्हा घाटाखाली आपल्याकडेही फोनाफोनी झाली होती, तर त्या आजाराच्या मायलिन जाणाऱ्या प्रकारात बरेच लोक काही आठवड्या-महिन्यांनी परत चालायला लागतात ते याच्यामुळेच. एमएसवाल्यांना 'त्याचं बरं झालं मग माझं का नाही' असं वाटतं, तर जागा वेगळी, पेशी वेगळ्या आणि मुळात जीबीएसचा हल्ला सहसा एकदाच होतो, एमएसचा पुन्हा पुन्हा होत राहतो.

तर माझं मत, शीर्षकात 'मायलिन पुन्हा चढणे' लिहा. शाकारणीचं उदाहरण एका वाक्यात समजावायला घ्या पण संज्ञा म्हणून नको, स्लॅबच्या घरात वाढलेल्या पोरांना तो शब्द आजीला विचारावा लागेल. आणि क्रियापद बघा, आपल्या मराठीत 'चढणे' आणि 'चढवणे' अशी सोय फुकट मिळालीय. शरीर आपलंआपण करतं ते चढणं, औषधानं घडवलं तर चढवणं. आज तुम्हाला पत्रकात पहिलंच लिहिता येईल.

कारण औषधाचं असं आहे. मायलिन चढायला आडकाठी करणाऱ्या लिंगो-१ या प्रथिनाला अडवणारं ओपिसिनुमॅब हे औषध मोठ्या आशेनं आलं होतं, २०२० मधे ते सोडून द्यावं लागलं. क्लेमास्टीन हे सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध कॅलिफोर्नियात पन्नास पेशंटवर तपासलं, २०१७ साली निकाल आला, डोळ्यातून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत संदेश पोचायला लागणारा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला. एवढंसं वाटतं, पण मोठ्या माणसात जुनं नुकसान थोडं का होईना मागे फिरू शकतं हे दिसलं. दमणूक मात्र वाढली, आणि नंतर हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारातल्या काही पेशंटमधे याच औषधावर अपंगत्व उलट वेगानं वाढलेलं दिसलं म्हणून अमेरिकेतल्या त्या चाचणीतला क्लेमास्टीनचा भाग थांबवावा लागला. केंब्रिजला बेक्सारोटीन नावाचं औषध तपासलं, त्यानंही डोळ्याच्या संदेशाचा वेग सुधारल्याचं दिसलं पण थायरॉइड आणि रक्तातल्या चरबीचा इतका घोळ केला की ते पुढे नेलं नाही. सध्या एमएसची जी औषधं मिळतात ती मुख्यतः पुढचे हल्ले थोपवतात, आणि ती थांबवून 'मायलिनची गोळी' शोधत बसणं महागात पडेल.

तेव्हा 'औषध निघालंय' हे वाक्य खोडा. त्याऐवजी 'मायलिन पुन्हा चढवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे, अजून एकही मान्य झालेलं नाही, चालू असलेली औषधं बंद करू नका' एवढं लिहा. आणि क्लेमास्टीन हे नाव पत्रकात छापूच नका, ॲलर्जीचं औषध म्हटल्यावर कुणीतरी कागद घेऊन सरळ मेडिकलमधे जाणार.