छापण्याआधी वाचून दाखव

प्रिय पोरी,

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. पुण्यात बसून ऊसतोडीवर कादंबरी लिहिलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रकाशक ‘सेन्सिटिव्हिटी रीडर’कडून, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांचं चित्रण नीट झालंय का ते तपासणाऱ्या वाचकाकडून, वाचून घे म्हणतात आणि तुला ती सेन्सॉरशिप वाटते, म्हणून तू अडलीस. अगं, कसली सेन्सॉरशिप? ज्यांचं जगणं लिहिलंस, त्यांना छापण्याआधी वाचून दाखव, एवढंच.

मी ते केलं नव्हतं. माझ्या कथेतली ऊसतोड बाई गर्भाची पिशवी काढून आल्यावर फडाच्या कडेला झाडाखाली रडत बसते. शहरात कथा वाखाणली गेली. पुढे बीडकडच्या एका गावात वाचली, तेव्हा मागची एक बाई उठून म्हणाली, “रडायला येळ कुठला वो? खाडा पडला की मुकादम पैसं कापतो. म्या तर महिना व्हायच्या आत मोळी घिऊन फळीवरनं ट्रकवर चढले.” मी हेतू सांगत राहिलो. हेतू वाईट नव्हताच, आजही तेच सांगेन. तेव्हा कुणी कुणाला वाचून दाखवत नव्हतं, दिवाळी अंकाची घाई होती. पण तिच्या दुखण्याला मी माझं रडणं चिकटवलं होतं, आणि कथा छापून झाली होती.

तुझी नायिका नवरा आजारी पडल्यावर एकटीच मुकादमाकडे, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराकडे जाते आणि पूर्ण उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेऊन येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. उचल ठरते ती त्यावर. तुझा अख्खा प्रसंग इथेच कोसळतो. हे चौकशी करूनही कळलं असतं. 2019 साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्या, सरकारने समिती नेमली, ते सगळं तू वाचलेलं दिसतं. पण उचल फिटली नाही की रात्री कोपीत, त्यांच्या झोपडीत, नवरा-बायको काय बोलतात, ते कुठल्या अहवालात शोधणार आहेस? म्हणून म्हणतो, वाचून दाखव.

मुकादमाला नको, संस्थेच्या कार्यकर्त्यालाही नको. फडात राबलेल्या दोन-तीन बायांना दाखव, एकीवर भागवू नकोस; एक बाई म्हणजे सगळी टोळी नव्हे. मोठ्याने वाच. “कसं वाटलं?” विचारशील तर “लई भारी” म्हणतील, पाहुण्याचं मन कोण मोडतं! “ही बाई अशी वागंल का? मग काय करंल?” असं विचार. जिथे त्या एकमेकींकडे बघतील तिथे थांब. आणि पैसे दे. बुडालेल्या दिवसाची मजुरी तरी देच, उपकार म्हणून नव्हे, कामाचा मोबदला म्हणून. त्या म्हणतील ते सगळं मान्य कर असं नाही. कादंबरी तुझी, चुकली तरी तुझीच. उद्या कुणी बोट ठेवलं तर “मी त्यांना दाखवली होती” म्हणून त्यांच्याआड लपू नकोस. हे मला खपणार नाही.

तू लिहितेस छान, म्हणूनच इतकं चिडून लिहितो आहे. दसऱ्याच्या आत जा. एकदा गाड्या भरून टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की गावात म्हातारीकोतारी आणि पोरंच उरतात. माझ्या कथेवर उठून बोललेल्या त्या बाईंना तुझ्याबद्दल कळवलं आहे. वाचायला चार दुपारी लागतील, त्या बेताने मुक्कामाला जा.

तुझा,
काका