गॅलरीत कुणाच्या बाजूनं बसू?

प्रश्न : मी मूळची नाशिकची. बँकेतल्या बदलीमुळे कोल्हापुरात आले, शिवाजी पेठेत भाड्यानं राहते. ऑफिसातल्या मैत्रिणीनं शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला नेलं आणि मला वेडच लागलं. आता तिचीही बदली झाली. एकटीनं जायला संकोच वाटतो. शिवाय पाठिंबा कुणाला द्यायचा? सगळ्यात जास्त जिंकणारा संघ धरावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, जिंकणाराच संघ हवा असेल तर घरी बसून रिअल माद्रिद बघा की! कोल्हापुरात संघ पत्त्यावरून ठरतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही सगळी तालमींची नावं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी गजबजल्या आणि पुढं त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उतरवले. म्हणून इथं गोल झाला की अख्खी गल्ली नाचते. तुम्ही शिवाजी पेठेत राहता, तेव्हा शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा, जे घराला जवळ ते तुमचं. घरमालकांना विचारा, तासभर सोडणार नाहीत, पण निम्म्या पेठेची ओळख तिथंच होईल.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं, सासर शिवाजी पेठेतलं. दोन्हीकडचे संघ फायनलला समोरासमोर आले की मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात मुकाट्यानं भाकरी थापायचो. बाहेर फटाके वाजले की त्या फक्त विचारायच्या, "कुणाचे गं?" माझं माप आजही माहेरच्याच संघाच्या बाजूनं झुकतं. सासरी हे सगळ्यांना माहीत आहे, आणि चहा तरीही मिळतो.

गॅलरीत बायका कमी दिसतात, हे खरं. पहिल्यांदा शेजारच्या एखाद्या काकूंना किंवा कॉलेजातल्या पोरीला सोबत घ्या. नियम पाठ नसले तरी चालतं. शेजारचा माणूस "अहो रेफ्री, चष्मा लावा की!" म्हणून ओरडला की ऑफसाइड होता का, ते त्यालाच विचारा. असा प्रश्न टाळणारा कोल्हापूरकर मला अजून भेटलेला नाही.

खरी ओळख मात्र मॅच नसलेल्या दिवशी होते. सकाळी गांधी मैदानावर चक्कर मारा, पोरांचा सराव बघा. गणपतीत तालमीत वर्गणी द्यायला स्वतः जा. २०१९च्या महापुरात मदतीला धावली ती ह्याच तालमींतली पोरं. इथलाच अनिकेत जाधव २०१७ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक आईला आपला मुलगा पुढचा अनिकेत वाटतो. त्यांच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

विश्वचषकात ब्राझील की अर्जेंटिना, याचंही उत्तर तयार ठेवा. 'दोन्ही' म्हणालात तर दोन्हीकडून बोलणी खाल. २०२२ला अर्जेंटिनाच्या मेस्सीनं कप उचलला त्या रात्री आमच्या घरातले ब्राझीलवाले जेवायला लवकर बसले होते, एवढंच सांगते.

आता नावडती गोष्ट. ईर्ष्येच्या सामन्यात हमरीतुमरी होते, कधी दगडही येतो. त्याला कुणी पेठेची अस्मिता म्हणो, मी गुंडगिरीच म्हणते. गडबड सुरू झाली की शिट्टीची वाट न बघता बाहेर पडा. आणि नवीन असेपर्यंत मोठ्या सामन्याला संघाच्या रंगाचा टी-शर्ट घालू नका. कुणाचे समर्थक कुठल्या बाजूला बसतात, ते आधी दोन-तीन साध्या मॅचना बघून घ्या.