वही तिची, भाषाही तिचीच

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. खोली आवरताना तिची वही हाती लागली आणि न राहवून मी ती वाचली. वहीत इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टी आहेत. त्यांतली मुलगी शाळेत कोणी आपले नाव चुकीचे उच्चारले तरी गप्प राहते आणि वेंगुर्ल्याला आजीकडे गेल्यावरही गप्पच बसते. तिला मराठीत लिहायला लावावे का? मंडळाच्या स्मरणिकेत एखादी गोष्ट छापायला द्यावी का? शाळेची परवानगी काढून यंदा गणपतीला गावी जाणार आहोत."

वही वाचल्याचे तिला आधी सांगून टाकावे आणि सरळ माफी मागावी. 'तुझ्या काळजीपोटीच वाचली' हे शेपूट त्या माफीला जोडू नये. अशी गोष्ट पुढेमागे कळतेच, आणि दुसऱ्याकडून कळली तर मुलगी लिहिणेच थांबवण्याची शक्यता अधिक असते. अपवाद एकच : लिखाणात स्वतःला इजा करण्याचा किंवा जगणे नकोसे झाल्याचा सूर असेल, तर ती केवळ गोष्ट आहे असे समजून सोडून देऊ नये, तिच्याशी मोकळेपणाने बोलून लगेच डॉक्टरांकडे जावे. आपण वर्णन केलेल्या मजकुरात तसे काही दिसत नाही. दोन्हीकडे गप्प बसणाऱ्या मुलीविषयी ही मुलगी पानेच्या पाने लिहीत असेल, तर ती आपले गप्प बसणे बाहेरून पाहू लागली आहे, आणि माझ्या मते हे चांगले लक्षण आहे.

लेखनातून येणारा आत्मविश्वास कौतुकातून येतो असा एक समज आहे. तो मला पटत नाही. शाळेत तिच्या इंग्रजीला गुण मिळतात, गावी तिच्या मराठीला हसू मिळते, आणि दोन्ही ठिकाणी निकाल दुसऱ्याच्या हाती असतो. वहीत मात्र कोणी काय बोलावे, गोष्ट कुठे संपवावी, हे तीच ठरवते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले होते. ज्यांनी मनाला लागलेल्या घटना आणि त्यांविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर आधी वाईटच वाटले. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा लिहून उठल्यावर मुलगी हिरमुसलेली दिसली, तर घाबरून लेखन थांबवण्याची घाई करू नये.

आता भाषेचा प्रश्न. मराठीत लिहिण्याची सक्ती करू नये, कारण सक्तीने लिहिलेले मराठी आणखी एक गृहपाठ होईल. इंग्रजीत लिहिल्याने ती आपल्यापासून दुरावेल ही भीतीही अनाठायी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला १८६६ मध्ये जन्मलेल्या केशवसुतांनी इंग्रजी कविता वाचून तिच्यातला सॉनेट हा चौदा ओळींचा बंध मराठीत आणला, आणि पुढे 'सुनीत' म्हणून तो इथे असा रुजला की तो बाहेरून आला होता याची आठवणही आपल्याला राहिलेली नाही. आपल्या मुलीचा प्रवास उलट दिशेने होईल : बंध इंग्रजी असेल आणि माणसे वेंगुर्ल्याची असतील. आजीचे 'जेवलंस काय गो?' तिने देवनागरीत लिहावे की रोमन लिपीत, हे तिच्यावर सोडावे. आजीच्या बोलण्याचे प्रमाण मराठी मात्र कोणी करू नये.

गणपतीतला मुक्काम लिहिणाऱ्या मुलीसाठी फार मोलाचा आहे, पण 'इथे बघ, हे लिही' असे म्हटल्याबरोबर तो फुकट जातो. तिला नुसते कामात घ्यावे. गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळे-पाने टांगायची लाकडी चौकट, बांधतात तेव्हा रानातून आलेली कवंडळे, कांगण्या, सुपारीचे घड आणि नारळ पुरवायला कोणीतरी लागतेच. ते काम तिला द्यावे आणि प्रत्येक फळाचे नाव आजीला विचारू द्यावे. नाव विचारणारीला कोणी परकी समजत नाही, उलट तिला सांगताना प्रत्येकाला चेव येतो. दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून घराण्याचे मागणे एका दमात मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तेव्हा तिला दाराशी न ठेवता पुढे उभे करावे. तक्रार आणि प्रार्थना एकाच श्वासात बोलण्याचा हा प्रकार पंधराव्या वर्षाच्या मनाला चपखल बसणारा आहे. नाव चुकीचे उच्चारणाऱ्या शिक्षकांविषयीचे गाऱ्हाणे तिने वहीत घातले, तर ते मला तरी वाचायला आवडेल. अर्थात तिने दाखवले तरच.

नातेवाइकांना मात्र आधी समज द्यावी. 'आमची लेखिका' म्हणून आल्या-गेल्यासमोर तिला काही वाचायला सांगू नये आणि तिच्या उच्चारांची नक्कल करू नये. (चेष्टा केल्याशिवाय कोकणी माणसाला माया दाखवता येत नाही हे खरे, पण पंधराव्या वर्षी त्यातली फक्त चेष्टाच ऐकू येते.)

स्मरणिकेचा निर्णय सर्वस्वी तिचा असावा. तिला मुदत सांगावी, एकदाच विचारावे, आणि नकार आला तर संपादकांना स्वतःच कळवून मोकळे व्हावे. होकार आला तर टोपणनाव चालेल का हे तिच्या वतीने विचारून घ्यावे, आणि मालवणी संवाद 'शुद्ध' न करता जसेच्या तसे छापण्याची अट गोष्ट पाठवण्यापूर्वीच संपादकांना लेखी कळवावी.