मंडळीच्या ग्रंथालयातील न परतणारी पुस्तके

प्रश्न : आमच्या चर्चमधील कपाटभर पुस्तके रविवारच्या उपासनेनंतर घरी वाचायला दिली जातात, पण बरीचशी परत येत नाहीत. दंड आकारावा काय?

उत्तर : आकारू नये. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दंड म्हणजे अवघड जागेचे दुखणे. दंडाची रक्कम थकली की वाचक पुस्तकासकट दूर राहतो. त्याऐवजी मलपृष्ठाच्या आत कागदी खिसा चिकटवून त्यात कार्ड ठेवावे, आणि पुस्तक नेताना त्यावर वाचकाचे नाव व परतीचा रविवार लिहून ते पेटीत तारखेनुसार लावावे, म्हणजे आठवण कोणाला करायची हे लगेच कळते. पाळकसाहेबांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) यातून सूट नको. पुस्तके बहुधा तिथेच अडकतात! १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक संग्रही असल्यास ते मात्र जागेवरच वाचायला द्यावेत.